वाचकांचे प्रश्न : पेटीतल्या जाझच्या रेकॉर्डी विकाव्या का?

मागच्या अंकात मी जुन्या जाझ रेकॉर्डींच्या चढलेल्या भावाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. नागपूरला रेडिओच्या संग्रहात तबकड्या सांभाळण्यात माझी नोकरीची सारी वर्षं गेली, आता सेलूला घरी असते. पण या विषयावर कुणी विचारलं की आजही जेवण थंड होतं. सगळ्यांना इथे जागा देता येत नाही. ज्यांचा प्रश्न अनेकांचा आहे, तीच पत्रं घेतली आहेत.

प्रश्न : ताई, आमचे मोठे बाबा मँगनीज खाणीत हेडक्लार्क होते. साहेब लोक गेले तेव्हा बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला, त्यात त्यांनी रेकॉर्डींची पेटी घेतली. पुढे स्वतःही काही आणल्या. त्यांच्या मागं घरात कोणी ऐकत नाही. आता एक व्यापारी आला होता, सगळ्या पेटीचे पंधरा हजार देतो म्हणाला. पोरगं म्हणते देऊन टाका, मोठी आई म्हणते थांबा. नेटवर पाहिलं तर एकेका रेकॉर्डचा भाव लाखात दिसते. काय करावं? यादी आणि फोटो सोबत आहेत.
— एक वाचक, तुमसर तालुका, जि. भंडारा

उत्तर : मोठ्या आईचं ऐका. पेटी ठोक भावात अजिबात देऊ नका. असा भाव सांगणाऱ्याने पेटीतल्या दोन-तीन रेकॉर्डी आधीच हेरलेल्या असतात आणि बाकीच्या त्याला फुकटात पडतात. मात्र नेटवरचे लाखाचे आकडे पाहून घराच्या बांधकामाचा हिशेबही मांडू नका. एकेक रेकॉर्ड वेगळी काढून बघावी लागते. तुमच्या यादीवरूनच सांगते.

सगळ्यांत प्रसिद्ध नाव ट्रम्पेट वाजवणाऱ्या माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'चं आहे. १९५९ ची, कोलंबिया कंपनीची. फोटोत लाल लेबलाच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन डोळे काढलेले दिसतात. हे लेबल कंपनीने १९६२ च्या सुमारास बंद केलं, म्हणजे तुमची प्रत सुरुवातीच्या काळातली आणि अमेरिकेत छापलेली आहे. चांगलीच गोष्ट आहे, पण ही लाखोंनी खपलेली रेकॉर्ड आहे आणि जुन्या प्रतीही जगात पुष्कळ आहेत. तिला भाव येतो तो प्रत किती स्वच्छ राहिली यावर. उलट हँक मोब्ले या सॅक्सोफोन वाजवणाऱ्याची ब्लू नोट कंपनीची १५६८ क्रमांकाची रेकॉर्ड उदाहरण म्हणून घ्या. जाझ ऐकणाऱ्यांतही कित्येकांना ती माहीत नाही. १९५७ मध्ये तिच्या मोजक्याच प्रती निघाल्या, आणि आज पहिल्या छपाईची चांगली प्रत दहा हजार डॉलरच्याही वर जाऊ शकते. नाव मोठं म्हणून भाव मोठा, असं या बाजारात होत नाही. (माइल्सच्या रेकॉर्डची पहिली बाजू तुम्हाला किंचित चढ्या सुरात वाटेल. ध्वनिमुद्रणाच्या दिवशी टेपचं यंत्र थोडं हळू चाललं होतं, त्यामुळे छापलेली रेकॉर्ड थोडी जलद वाजते. ही दुरुस्ती थेट १९९२ मध्ये झाली. प्लेअर बिघडला असं समजून तो दुकानात नेऊ नका.)

आता तुमच्या पेटीतली माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची रेकॉर्ड. निळं-पांढरं लेबल, त्यावर ब्लू नोटचं नाव आणि न्यूयॉर्कमधल्या ६३ व्या रस्त्याचा पत्ता. ही कंपनी १९३९ मध्ये सुरू झाली. तिचा कर्ता माणूस आल्फ्रेड लायन मूळचा बर्लिनचा, जाझच्या वेडापायी अमेरिकेत स्थिरावलेला. फ्रान्सिस वुल्फ फोटो काढायचा आणि रीड माइल्स कव्हरं बनवायचा. ध्वनिमुद्रण करणारा रूडी व्हॅन गेल्डर दिवसा लोकांचे डोळे तपासून चष्म्याचे नंबर काढायचा, आणि उरलेल्या वेळात न्यू जर्सीतल्या आईवडिलांच्या घराच्या बैठकीत वादकांना बसवून रेकॉर्डिंग करायचा. आज ज्या आवाजासाठी लोक वाटेल तेवढे पैसे मोजतात, तो त्या बैठकीतला आवाज आहे. १९५९ मध्ये त्याने स्वतंत्र स्टुडिओ बांधला. कंपनी लहान, प्रती कमी निघायच्या आणि त्याही घराघरांत वाजून झिजल्या. नंतर जपानी संग्राहकांनी त्या शोधून शोधून नेल्या. भाव चढण्याचं खरं कारण हेच आहे. मागणी जगभरची, आणि सुस्थितीतला माल हाताच्या बोटांवर मोजण्याइतका.

तेव्हा ही रेकॉर्ड ट्यूबलाइटखाली न्या. तळहातांमध्ये कडेने धरा, वाजणाऱ्या भागाला बोट लागू देऊ नका. शेवटचं गाणं संपतं तिथपासून लेबलापर्यंत एक गुळगुळीत पट्टी असते. रेकॉर्ड हळूहळू फिरवत ती पट्टी तिरप्या उजेडात वाचा. क्रमांकाशिवाय तिथे दोन खुणा सापडायला हव्यात. एक, इंग्रजी आर, व्ही, जी ही अक्षरं, म्हणजे व्हॅन गेल्डरची सही. दुसरी, इंग्रजी पी हे अक्षर वळणदार लिहिल्यामुळे माणसाच्या कानासारखं दिसतं ते. ही प्लास्टिलाइट नावाच्या कारखान्याची खूण, आणि संग्राहक तिला 'कान'च म्हणतात. ब्लू नोट १९६५ मध्ये लिबर्टी कंपनीने विकत घेतली आणि त्यानंतर लवकरच छपाई दुसऱ्या कारखान्यांकडे गेली. नव्या मालकांनी शिल्लक राहिलेली जुनी लेबलं वापरून टाकली. म्हणून लेबल जुनं पण कान नाही, अशा प्रती बाजारात खूप आहेत आणि त्यांचा भाव एकदम उतरतो. व्यापाऱ्याने रेकॉर्ड हातात घेतल्यावर आधी लेबल पाहिलं की ही पट्टी, हे आठवून बघा. पट्टी पाहिली असेल तर माणूस जाणकार आहे.

यादीच्या शेवटी शंकर–जयकिशन यांची 'रागा जाझ स्टाइल' दिसली आणि मी खुर्चीतून उठलेच. १९६८ ची, एचएमव्हीची, आपल्याकडेच निघालेली. रईस खानांची सतार, मनोहारी सिंगांचा सॅक्सोफोन, लेस्ली गोदिन्होचे ड्रम. तोडी, भैरव, मालकंस असे अकरा राग. परदेशातले संग्राहक आता या रेकॉर्डच्या मागे आहेत. तिच्या नव्या आवृत्त्या निघाल्यात, पण मूळ प्रत स्वच्छ असेल तर तिला आजही चांगला भाव येतो. कव्हर खराब होऊ देऊ नका.

बाकीच्या बहुतेक रेकॉर्डी, लुई आर्मस्ट्राँग, ड्यूक एलिंग्टन, डेव्ह ब्रुबेक, कलकत्त्याजवळ डमडमच्या कारखान्यात छापलेल्या आहेत. त्यांना फार भाव येत नाही. पण संगीत तेच आहे, आणि त्यातल्या कित्येक अजून झकास वाजतील.

विकायची वेळ आलीच तर दोन गोष्टी करा. डिस्कॉग्ससारख्या, रेकॉर्डींची खरेदी-विक्री चालते अशा वेबसाइटवर भाव पाहताना मागितलेली किंमत धरू नका, ती रेकॉर्ड प्रत्यक्षात कितीला विकली गेली ती नोंद बघा. या दोन आकड्यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. आणि प्रत किती वाजलेली आहे हे मधल्या भोकापाशी बघा. रेकॉर्ड प्लेअरवर चढवताना खुंटी लेबलाला घासते आणि बारीक पांढुरक्या रेघा उमटतात. वरून काळीभोर चकचकीत दिसणारी रेकॉर्ड भोकाभोवती रेघांनी भरलेली असेल, तर ती खूप वाजली आहे. सुई धरणारा हात जड असलेल्या जुन्या प्लेअरवर वाजली असेल तर ट्रम्पेट वर चढला की आवाज फाटतो. म्हणून किंमत ठरवण्याआधी एकदा पूर्ण ऐका.

फोटोत कव्हरांच्या मागे पेन्सिलीने तारखा लिहिलेल्या दिसतात. मोठ्या बाबांनी कोणती रेकॉर्ड कधी ऐकली, त्याच्या असाव्यात. बाजारात लिहिलेल्या कव्हराचा भाव थोडा कमी होतो, हे खरं आहे. तरी त्या खोडू नका. तुमसरजवळच्या खाणीवर पन्नास वर्षांपूर्वी एक कारकून जाझ ऐकत होता, याचा दुसरा पुरावा कुठे मिळणार? मी तुमच्या जागी असते तर फार गरज असल्यास एखादी रेकॉर्ड विकली असती, आणि पेटी घरातच ठेवली असती.

प्रश्न : यंदा कापसाचे पैसे एकरकमी हाती आलेत. पुण्याचा मित्र म्हणतो, सोन्यापेक्षा जाझच्या जुन्या रेकॉर्डी बऱ्या, भाव दरवर्षी चढतो. लाखभर रुपये गुंतवावे का?
— एक शेतकरी, हिंगणघाट

उत्तर : नाही. अगदी स्पष्ट सांगते, नाही.

सोनं हिंगणघाटच्या सराफाकडे नेलं तर संध्याकाळपर्यंत पैसे मिळतात. जाझच्या महागड्या रेकॉर्डचं गिऱ्हाईक टोकियोत, लंडनमध्ये, न्यूयॉर्कमध्ये बसलेलं असतं. त्याला फोटो पाठवा, पट्टीवरची अक्षरं वाचून दाखवा, टपालखर्च सोसा. तरी पोचल्यावर तो म्हणणार की तुम्ही सांगितली तेवढी स्वच्छ नाही, पैसे परत करा. विकत घेताना विदेशातून मागवली तर टपाल आणि कस्टम मिळून किंमत कुठल्या कुठे जाते.

भाव चढले आहेत यात खोटं काही नाही. अमेरिकेत २०२२ मध्ये ४ कोटी १० लाख नव्या एलपी, म्हणजे प्लॅस्टिकच्या मोठ्या रेकॉर्डी, विकल्या गेल्या आणि सीडी ३ कोटी ३० लाख. १९८७ नंतर पहिल्यांदाच एलपीने सीडीला मागे टाकलं. त्या लाटेवर जुन्याही वर गेल्या. पण वर गेल्या त्या पहिल्या छपाईच्या, जवळजवळ न वाजलेल्या. मधल्या दर्जाच्या प्रतीचं तसं नाही. कंपनीने मूळ टेपवरून चांगली नवी आवृत्ती काढली की, ज्याला फक्त ऐकायचं आहे तो नवी घेतो आणि जुन्या खरवडलेल्या प्रतीला कुणी विचारत नाही. ओळखायला वर्षानुवर्षांची नजर लागते. ती नसताना लाख रुपये टाकणारा दुसऱ्याचा न खपलेला माल घेऊन बसतो.

पैसे बियाण्याला, विहिरीला, पोरांच्या शिक्षणाला ठेवा. आणि तुम्हाला जाझ ऐकावंसं वाटत असेल तर त्यातले चार-पाच हजार बाजूला काढा आणि पुढचं उत्तर वाचा.

प्रश्न : मी आर्वीला शाळेत शिक्षिका आहे. वडील शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिकेचा जाझचा कार्यक्रम लावायचे, तो आवाज कानात बसलेला आहे. रेकॉर्डी जमवायला सुरुवात करायची आहे, पण भाव पाहून धीर होत नाही. कुठून सुरुवात करू?
— एक वाचक, आर्वी, जि. वर्धा

उत्तर : तुमचं पत्र वाचून किती बरं वाटलं! तो आवाज विलिस कोनोव्हरचा. १९५५ पासून तो हा कार्यक्रम करायचा, आणि इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना कळावं म्हणून मुद्दाम सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलायचा. सुरुवातीला ड्यूक एलिंग्टनच्या बँडची 'टेक द ए ट्रेन' वाजायची. अमेरिकेत त्याला फारसं कुणी ओळखत नव्हतं, कारण हे प्रसारण बाहेरच्या देशांसाठीच होतं.

पहिल्या छपाईच्या मागे लागू नका. ब्लू नोटने २०१९ पासून 'टोन पोएट' नावाने जुन्या रेकॉर्डी मूळ टेपवरून पुन्हा काढल्या आहेत, आणि त्यांची साध्या कव्हरातली 'क्लासिक व्हिनाइल' मालिका आणखी स्वस्त पडते. आवाजाच्या बाबतीत या प्रती झिजलेल्या जुन्या प्रतींपेक्षा कितीतरी सरस आहेत. महिन्याला एक घेण्याची घाई करू नका, वर्षाला दोन घ्या आणि पाठ होईपर्यंत ऐका. पहिली एलिंग्टनची घ्या, ती तुमच्या ओळखीची आहे. मग जॉन कोल्ट्रेनची 'ब्लू ट्रेन'.

रेकॉर्डपेक्षा प्लेअरवर आधी खर्च करा. सूटकेससारखे बंद होणारे स्वस्त प्लेअर घेऊ नका, त्यांचा हात जड असतो. सुईचा दाब कमी-जास्त करता येतो असा प्लेअर बघा. घरात जुना एचएमव्ही फिएस्टा असेल तर त्याच्यावर जुनी सिनेगीतं ऐका. नवी एलपी त्यावर चढवू नका.

प्रश्न : आमच्या भागात संत्र्याला भाव नाही, एसटी वेळेवर नाही, आणि तुम्ही अमेरिकेच्या जाझवर पानं भरता. याचा विदर्भाशी संबंध काय?
— एक वाचक, वरुड

उत्तर : संत्र्याच्या भावाबद्दल तुमचा राग अगदी रास्त आहे, आणि याच अंकात त्यावर दुसऱ्या पानावर लेख आहे. संबंध विचारलात म्हणून सांगते.

१९४८ मध्ये प्लॅस्टिकची एलपी आली. त्याआधीच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या रेकॉर्डी लाखेच्या असत. लाख म्हणजे आपल्या झाडीपट्टीत पळसावर, कुसुमावर किडा जी करतो तीच. जगाला ती मुख्यतः भारतातून जायची. महायुद्धात समुद्रमार्ग धोक्यात आले, लाख मिळेना, आणि १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने रेकॉर्डींसाठी लाख वापरण्यावर मर्यादा घातली. कंपन्या लोकांकडून जुन्या रेकॉर्डी गोळा करून, त्या दळून, नव्या करू लागल्या. सुरुवातीच्या काळातलं कितीतरी जाझ असं दळलं गेलं. त्या रेकॉर्डी आज दुर्मिळ का, याच्या कारणांत आपल्याकडची लाखही आहे.

दुसरं, सी. रामचंद्र. नागपुरात शंकरराव सप्र्यांकडे गाणं शिकलेला हा संगीतकार मुंबईत गेला आणि गोव्याच्या जाझ वादकांना हाताशी धरून त्याने हिंदी सिनेमाचं गाणं बदलून टाकलं. ट्रम्पेट वाजवणारा चिक चॉकलेट त्याच्याबरोबर होता, १९५१ च्या 'अलबेला'त तो आपल्या बँडसह पडद्यावरही दिसतो. वरुडच्या लग्नात बँडवाले आजही जी गाणी वाजवतात त्यात हा ट्रम्पेट आहे. जाझ आपल्या मांडवात येऊन सत्तर वर्षं झाली.

प्रश्न : आमचं घर टिनाचं आहे. मे महिन्यात रेकॉर्डी कुठे ठेवाव्या? आणि धुवाव्या कशा?
— एक वाचक, वरोरा, जि. चंद्रपूर

उत्तर : तुमच्याकडे पारा ४६–४७ ला जातो आणि टिनाखाली त्याहून जास्त. नवतपा सुरू व्हायच्या आत रेकॉर्डी वरच्या फळीवरून, माळ्यावरून खाली आणा. जमिनीलगत, आतल्या खोलीत, पश्चिमेच्या भिंतीपासून दूर ठेवा. उभ्या ठेवा आणि दोन्ही बाजूंनी आधार द्या. एकावर एक आडव्या रचल्या तर खालच्या उन्हाळ्यात वाकणारच. लोखंडी पेटी तापते, लाकडी कपाट बरं.

कूलरचं मात्र लक्षात ठेवा, कारण आपल्याकडे नुकसान बहुतेक तिथे होतं. कूलरच्या ओल्या झोतात ठेवलेली कव्हरं आठ-पंधरा दिवसांत फुगतात, मग बुरशी धरते आणि ती आतल्या कागदातून रेकॉर्डपर्यंत जाते. पावसाळ्यात महिन्यातून एकदा कव्हरं बाहेर काढून सावलीत वारा द्या. वाळवीसाठी कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची आपली जुनी रीत चालते, पण मग कपाट भिंतीला टेकू देऊ नका.

धुण्यासाठी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी घ्या, एका वाटीला भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब. मऊ सुती फडक्याने खाचांच्या दिशेने, गोल फिरवत पुसा, आडवं घासू नका. लेबल भिजू देऊ नका. पुन्हा नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुसून सावलीत उभी वाळवा. नळाचं किंवा बोअरचं पाणी नको, आपल्या पाण्यातला क्षार खाचांत बसतो. लाखेच्या जुन्या रेकॉर्डींना स्पिरिट कधीही लावू नका, स्पिरिटमध्ये लाख विरघळते आणि गाणं पुसलं जातं. या ७८ च्या रेकॉर्डींची सुईही वेगळी, साधारण तिप्पट जाड. एलपीची सुई त्यांवर लावली तर ती खाचेच्या तळाशी घसरते आणि नुसती खरखर ऐकू येते.

प्रश्न : वाकलेली एलपी इस्त्रीने सरळ होते का?
— एक वाचक, धामणगाव रेल्वे

उत्तर : होत नाही. खाचा वितळतात आणि रेकॉर्ड कायमची जाते. दोन जाड काचांच्या मध्ये स्वच्छ रेकॉर्ड ठेवून वर पुस्तकांचं वजन द्या आणि सावलीतल्या खोलीत महिना-दोन महिने तशीच राहू द्या. उन्हात ठेवू नका. थोडासा बाक राहिला तरी सुई उडत नसेल तर खुशाल वाजवा.